धार लावणाऱ्याचा हात

जपानी सुतार नवा रंधा घेतो, तेव्हा तो लगेच लाकडावर चालत नाही. पाते ओकच्या ठोकळ्यातल्या खाचेत नीट बसवायचे असते. कुठे दाटते ते पाहून तिथे थोडे तासायचे, तळ सपाट करायचा, पात्याची पाठ घासून लख्ख करायची. एवढे काम करणारा हात घेणाऱ्याकडे आहे, असे लोहार गृहीत धरतो. जपानी हत्यारे वाचवायची भाषा मात्र बहुतेक वेळा लोहाराच्या भट्टीपाशीच थांबते. मला ती अपुरी वाटते.

पात्याची घडणच पुन्हा पुन्हा धार लावण्याच्या हिशेबाने झालेली आहे. कडक पोलादाची पातळ पट्टी मऊ लोखंडावर ठेवून, तापवून, ठोकून एकजीव करतात. सगळे पाते पोलादाचे असते तर सहाणेवर तासन्‌तास गेले असते आणि पाणी दिलेले पोलाद घाव बसताच तडकले असते. मऊ लोखंडासाठी काही लोहार जहाजांचे जुने साखळदंड जपून ठेवतात. पाठीला पोलादाच्या बाजूने उथळ खोलगा असतो, म्हणजे दगडाला फक्त कडा टेकतात. धार लावता लावता पाते झिजते आणि धारेलगतची सपाट पट्टी संपून धार खोलग्याला भिडते. मग सुतार पाते ऐरणीच्या कोपऱ्यावर धरतो आणि उताराच्या बाजूने, फक्त मऊ लोखंडावर, हातोडीचे हलके ठोके देत जातो. पलीकडचे पोलाद केसभर पुढे सरकते आणि पाठ पुन्हा घासून सपाट करता येते. एक ठोका धारेजवळच्या पोलादावर पडला की पाते फुटते. मोठ्या लोहाराने घडवलेले पातेही असे टिकते ते वापरणाऱ्याच्या मनगटामुळे.

१८७६ साली तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि तलवारी घडवणारे हात हत्यारांकडे वळले, ही कथा सगळ्यांच्या आवडीची. ती खोटी नाही. रंध्याच्या पात्यांसाठी नावाजलेला चियोझुरू कोरेहिदे (१८७४–१९५७) तलवार घडवणाऱ्या घराण्यातलाच. पण ह्योगोतल्या मिकी गावाची ओळख त्याहून जुनी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस वेढ्यात उद्ध्वस्त झालेले ते गाव पुन्हा उभारायला सुतार आले, त्यांच्या पाठोपाठ लोहार आले. आधी बांधकाम, मग हत्यार.

हाच क्रम विसाव्या शतकातही दिसला. होर्यूजी मंदिराचे सुतार निशिओका त्सुनेकाझू (१९०८–१९९५) यांना जुन्या पद्धतीचे लाकूडकाम हुबेहूब करायचे होते. त्यासाठी भाल्याच्या पात्यासारखा रंधा लागत होता आणि तो वापरातून केव्हाच गेला होता. त्यांनी तो पुन्हा घडवून घेतला. मंदिराला त्याची गरज नसती तर तो संग्रहालयातच राहिला असता.

आज जपानमध्ये बरीच घरे लाकडाचीच बांधली जातात, पण बहुतेक सांधे कारखान्यात यंत्रावर कापून येतात. करवतीला दात लावण्याचे काम तर जवळजवळ संपलेच. जपानी करवत ओढताना कापते, म्हणून तिचे पाते इतके पातळ ठेवता येते. पूर्वी ती दात लावणाऱ्या कारागिराकडे जायची. तो लाकूड आणि काम विचारून कानशीने दात घासायचा. आता बदलत्या पात्याची करवत आली. तिचे दात विजेच्या झटपट उष्णतेने इतके कडक केलेले असतात की कानस लागत नाही. बोथट झाली की टाकायची. सोयीची आहे, स्वस्त आहे, तरुण सुताराला दोष देण्यात अर्थ नाही. पण या करवतीमुळे दात लावणाऱ्याचा धंदाच बसत गेला.

परदेशातले हौशी लोक आज चांगली पटाशी मागवतात, त्यामुळे काही भट्ट्या पेटत्या आहेत. त्यांचे आभारच मानायला हवेत. तरीही त्यांतली कितीतरी हत्यारे सहाणेला कधी लागणारच नाहीत. सरकारी पदव्या आणि अनुदान लोहाराला जरूर मिळावे. पण त्यातला काही वाटा सार्वजनिक लाकडी इमारतींचे सांधे हाताने कापून घेण्यावर खर्च व्हायला हवा, आणि त्या कामावर येणाऱ्या शिकाऊ पोराला हत्यार धारेला आणण्याच्या तासांचीही मजुरी मिळायला हवी.