उजेडाची हद्द

धारच्या भोजराजाची एक गोष्ट आम्हा माळव्यातल्या मराठी घरांत लहानपणीच कानांवर पडते. राजाचे डोके असह्य दुखू लागले. ब्राह्मणवेषात अश्विनीकुमार आले, त्यांनी मोहचूर्ण देऊन राजाला बेशुद्ध केले, कवटी उघडली, आतला मासा बाहेर काढला, कवटी सांधली आणि शुद्धीवर आलेल्या राजाला तो मासा दाखवला. भोज अकराव्या शतकातला, 'भोजप्रबंध' लिहिणारा बल्लाळ सोळाव्या शतकाच्या अखेरचा. तेव्हा तिच्यात इतिहास शोधू नये. (तरी 'भारतातील पहिली मेंदूशस्त्रक्रिया' म्हणून ती छापली जातेच, त्याला माझा इलाज नाही.) माशाचे एक बरे असते. तो कुठे संपतो ते दिसते.

माझ्या थोरल्या भावाच्या डोक्यातल्या गाठीला असा शेवट नव्हता. दादाने देवासला जन्मभर शाळेत मराठी शिकवले. एके दिवशी त्याला 'खडू' हा शब्द आठवेना. 'ते... ते लिहायचं,' एवढेच तो म्हणाला. गाठ डाव्या बाजूला, वाणीच्या जागेला लागून होती.

डॉक्टरांनी समजावून सांगितले. शस्त्रक्रियेआधी काही तास एक औषध प्यायला देतात. गाठीच्या पेशी त्यापासून एक रंगद्रव्य तयार करतात, आणि निळ्या-जांभळ्या प्रकाशात त्या तांबूस-गुलाबी चमकतात. नुसत्या डोळ्यांना जे मेंदूसारखेच दिसते, ते त्या दिव्याखाली वेगळे उठून दिसते. रुग्णाला नंतर एक दिवस प्रखर उजेडापासून जपावे लागते, एवढेच. जर्मनीतल्या स्टुमर आदींचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. एमआरआयमध्ये दिसणारी गाठ पूर्ण निघण्याचे प्रमाण साध्या दिव्याखाली शेकडा 36 होते, ते या प्रकाशात 65 झाले. सहा महिने गाठ पुन्हा न वाढलेले रुग्ण शेकडा 21 वरून 41 झाले. एकूण आयुष्य मात्र तितक्या स्पष्टपणे वाढलेले दिसले नाही.

'पण दिवा गाठ दाखवतो, बोलणं कुठं आहे ते दाखवत नाही,' डॉक्टर म्हणाले. म्हणून दादाला मधे जागे ठेवून चित्रे दाखवायची, नावे विचारायची, आणि जिथे विजेच्या हलक्या स्पर्शाने नाव अडेल तिथे थांबायचे.

वडील जुन्या देवासचे सांगत. पवार बंधूंच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन संस्थाने एकाच गावात. मुख्य रस्त्याच्या एका कडेला एकाचा कारभार, दुसऱ्या कडेला दुसऱ्याचा. पाण्याची आणि दिव्यांची व्यवस्थासुद्धा वेगळी. पण माणसे? ती दोन्हीकडची होती. सोयरीक रस्ता ओलांडून होत असे. ही गाठही तशीच. 1928 साली अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी अशा गाठींसाठी मेंदूचा उजवा अर्धा भागच काढून पाहिला, तरी रोग हटला नाही. तेव्हा 'सगळे काढले' हे शब्द कुणी म्हटले तरी जपूनच ऐकावेत.

मला सतावतो तो प्रश्न निराळाच. दिवा नव्हता तेव्हा शल्यवैद्याकडून जे राहून जाई, ते राहून गेलेले असे. दिसले नाही, दोष कुणाचा? आता ते त्याच्या डोळ्यांपुढे चमकत असते आणि तो ते सोडतो. राहणे आणि सोडणे यांत केवढे अंतर आहे! ज्ञानाने माणसाचे काम सोपे होते असे आपण समजतो. इथे ज्ञानाने एका माणसाच्या हाताला जबाबदार केले, जिथे पूर्वी नशीब जबाबदार होते. हे ओझे त्याने एकट्याने का वाहावे? ते वाहायचे कुणी, हे आधीच ठरायला हवे.

दादाने ठरवले होते. 'दिवस कमी मिळाले तरी चालतील,' तो डॉक्टरांना म्हणाला, 'शेवटपर्यंत माणसांना नावानं हाक मारता आली पाहिजे.'

मी डॉक्टरांच्या मागोमाग बाहेर गेलो. 'त्याचं मनावर घेऊ नका, जमेल तेवढं काढा,' म्हणालो. ज्या मेंदूत गाठ आहे त्याच मेंदूने घेतलेला निर्णय कसा मानायचा, असा युक्तिवादही केला. तो अगदीच पोकळ नव्हता, असे मला आजही वाटते. पण मी तो दादासमोर केला नाही, आणि तिथेच माझी खोट होती. डॉक्टर एवढेच म्हणाले, 'रुग्ण ते आहेत.'

शस्त्रक्रियेनंतर त्यांनी एक छायाचित्र दाखवले. निळसर काळोखात अंगठ्याच्या नखाएवढा गुलाबी ठिपका.

'हे?'

'हे ठेवलं. तिथं नाव अडत होतं.'

दादा पुढे तेरा महिने जगला. वहिनीला नावाने हाक मारायचा, जे त्या पिढीत कुणी करत नसे. शब्द अडे, सापडे, पुन्हा अडे. एका संध्याकाळी त्याने मला विचारले, 'त्या दिवशी बाहेर डॉक्टरांशी काय बोलत होतास?'

'बिलाचं,' मी म्हटले.