गोषवारा

एका सुभेदाराच्या कचेरीत एक म्हातारा चिटणीस होता. मुलखातल्या गावागावांतून कचेरीत अर्ज यायचे. मोडीत लिहिलेले, लांबलचक. कागदाचा एक बंद संपला की खाली दुसरा चिकटवायचा, तो संपला की तिसरा. काही अर्ज उलगडले की बैठकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे. ते सगळे वाचायला सुभेदाराला सवड नसायची. म्हणून चिटणीस प्रत्येक अर्जाचा गोषवारा काढून द्यायचा. सुभेदार तेवढाच ऐकायचा आणि हुकूम करायचा. गावाचं बरं-वाईट त्या चार ओळींवर ठरायचं.

पुढे चिटणिसाची नजर मंदावली. त्याने हाताखाली एक उमेदवार घेतला. पोरगा हुशार होता. अक्षर देखणं आणि बोरू झरझर चालायचा.

उन्हाळ्याच्या अखेरीस एका गावाचा अर्ज आला. नऊ बंदांचा. उमेदवाराने तो उलगडला. पहिल्या बंदात सरकारची स्तुती होती. दुसऱ्यात गावाचं तळं कोणत्या पूर्वजाने बांधलं, त्याची हकीकत. तिसऱ्यात पाऊस हुकल्याचं, चौथ्यात विहिरी आटल्याचं. उमेदवाराने त्या आठवड्यात असे बरेच अर्ज पाहिले होते. सगळे शेवटी शेतसाऱ्याची माफीच मागत. त्याने उरलेल्या कागदावरून नुसती नजर फिरवली आणि लिहिलं, ‘गावात दोन वर्षं पाऊस नाही. विहिरी आटल्या, गुरं मेली. रयत हवालदिल आहे. सरकारने सारा माफ करावा.’ शाईवर वाळू टाकली आणि कागद पुढे पाठवला. चिटणीस त्या दिवशी तापाने घरी पडून होता.

सुभेदार मनाचा चांगला होता. त्याने ऐकलं आणि सारा माफ केला. हुकमावर शिक्का झाला, जासूद कागद घेऊन गेला.

थोड्याच दिवसांत त्या गावचा पाटील स्वतः कचेरीत आला. उन्हातान्हाचा पायी आला होता. हातात माफीचा हुकूम होता. त्याने मुजरा केला आणि म्हणाला, “सरकार, माफी दिलीत, उपकार झाले. पण माफीचा कागद काही पेरता येत नाही. रोहिणी लागली, मृग तोंडावर आला. घरात बियाणं नाही, गोठ्यात बैल नाही. आम्ही फेडीच्या बोलीवर तगाई मागितली होती.”

सुभेदाराने मूळ अर्ज मागवला. उमेदवार थरथरत्या हाताने एकेक बंद सोडत गेला. सातव्या बंदात तगाईची मागणी स्पष्ट लिहिलेली होती. तो मान खाली घालून उभा राहिला.

चिटणीस आता बरा होऊन कामावर आला होता. तो पुढे झाला. “सरकार, आजचा दिवस द्यावा. संध्याकाळी नवा गोषवारा देतो.”

दोघे कोपऱ्यात बसले. उमेदवार म्हणाला, “तात्या, या वेळी काहीच सोडत नाही.” आणि त्याने खरंच काही सोडलं नाही. स्तुती थोडी आखडली, तळ्याची हकीकत थोडी आखडली, विहिरींची थोडी. दुपारपर्यंत चार बंद भरले.

चिटणिसाने ते वाचून घेतले. म्हणाला, “नऊ बंदांचे चार झाले. पण यातली मोठी गोष्ट कोणती नि लहान कोणती, ते सुभेदारांनीच शोधायचं का?”

मग त्याने उमेदवाराच्या हातून बोरू काढून घेतला. दौत बाजूला सारली. अर्ज गुंडाळून रुमालात बांधला आणि मांडीखाली ठेवला.

“आता लिहू नकोस. सुभेदार घोड्यावर बसायला निघालेत असं समज. त्यांचा पाय रिकिबीत पडेपर्यंत सांगून मोकळा हो.”

उमेदवाराने सुरुवात केली, “या गावचं तळं फार जुनं. त्यांच्या पूर्वजाने...”

“पाय रिकिबीत पडला.”

उमेदवार थांबला. पुन्हा म्हणाला, “दोन वर्षं पाऊस नाही. विहिरी आटल्या. चारा...”

“घोडा निघाला.”

उमेदवाराने डोळे मिटले. बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, “गावाला मृगाआधी तगाई हवी. पेरायला दोन खंडी बाजरी आणि बारा बैल. दोन वर्षं पाऊस नाही म्हणून ठेवणीतलं बियाणं खाऊन संपलं आणि बैल मेले. तगाई दोन वर्षांत फेडतील.”

चिटणिसाने बोरू त्याच्या हातात दिला. “हे लिही.”

लिहून झालं. उमेदवार वाळूची डबी उचलू लागला तसा चिटणिसाने त्याचा हात धरला. “थांब. आता रुमाल सोड आणि अर्जाशी ओळ न् ओळ ताडून पाहा.”

बियाणं जुळलं. बैल जुळले. आठव्या बंदावर उमेदवाराचं बोट अडलं. तिथे लिहिलं होतं की पुढची दोन्ही वर्षं पिकली तर दोन वर्षांत फेडू; पाऊस हुकला तर तिसरं वर्ष मिळावं.

“एवढंसं वाक्य आहे, तात्या.”

“एवढंसंच आहे. पण पाऊस हुकला, तर याच वाक्यावाचून पाटलाच्या दारात वसुलीचा शिपाई उभा राहील.”

उमेदवाराने वाक्य घातलं. चिटणिसाने सगळं पुन्हा वाचून घेतलं. शेवटी उमेदवाराने आपल्या मनाने एक ओळ जोडली होती, ‘गाव प्रामाणिक दिसतं, तरी तगाई द्यावी.’

“हे कितव्या बंदात आहे?”

“कुठल्याच नाही. मला तसं वाटलं.”

“सुभेदारांनी विचारलं तर तुझं मत जरूर सांग. अर्जदाराच्या तोंडी घालू नकोस.” त्या ओळीवर काट मारली गेली.

मग चिटणिसाने पाटलाला आत बोलावलं. समोर बसवलं आणि उमेदवाराला गोषवारा वाचायला सांगितला. पाटील लक्ष देऊन ऐकत होता. तिसऱ्या वर्षाचं वाक्य आलं तशी त्याची मान हलली. “हेच म्हणायचं होतं,” तो म्हणाला. मग जरा घुटमळला. “आमच्या थोरल्यांनी तळं बांधलं, ते यात आलं नाही?”

चिटणीस म्हणाला, “ते अर्जात आहे, पाटील, आणि अर्ज दप्तरात जपून राहील. आज तुम्हाला बियाणं हवंय. उद्या तळ्याच्या दुरुस्तीसाठी अर्ज कराल, तेव्हा तुमच्या थोरल्यांचं नाव पहिल्या ओळीत येईल.”

पाटलाला ते पटलं.

संध्याकाळी सुभेदाराने उभ्या उभ्या गोषवारा ऐकला. त्याला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. सरकारी कोठारातून दोन खंडी बाजरी निघाली. बैलांसाठी रक्कम मिळाली. तिसऱ्या वर्षाची सवलत हुकमात उतरली आणि साऱ्याची माफीही कायम राहिली. मृगाचा पाऊस झाला तेव्हा गावाच्या शिवारात पाभरी चालू होत्या.

वाचकहो, कुणाचा मोठा मजकूर लहान करायची वेळ तुमच्यावरही येईल. तेव्हा तो लिहिणारा समोर बसला आहे असं समजा आणि आपला सारांश त्याला वाचून दाखवा. “मला हेच म्हणायचं होतं,” असं तो म्हणेल याची खात्री वाटली, तरच कागद पुढे पाठवा.