भीड कोणाची?

अबोल, घुमा, मितभाषी या विशेषणांच्या पंक्तीत ‘भिडस्त’ हा शब्द सहज बसतो. परंतु त्यांचे नैतिक वजन सारखे नाही. मितभाषी मनुष्य बोलू शकतो, पण मोजके बोलणे पसंत करतो. घुम्याविषयी तो काही लपवीत असल्याचा संशय असतो. भिडस्ताला मात्र बोलायचे असते, बहुधा ‘नाही’ म्हणायचे असते, आणि नेमके तेच त्याच्याने होत नाही.

ते का होत नाही, याचे उत्तर मूळ नामाच्या वापरात सापडते. ‘मला त्यांची भीड पडते’ या वाक्यात षष्ठी भीड दुसऱ्याच्या नावावर लावते. चतुर्थीतला ‘मी’ तिचा केवळ भोक्ता असतो. भीड ‘घातली’ही जाते, आणि घालणाऱ्याला आपल्या शब्दाचे वजन ठाऊक असते. ‘भिडस्त’ म्हणताच हा दुसरा मनुष्य वाक्यातून नाहीसा होतो. संबंधाचा स्वभाव बनतो. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हणही नुकसानीचा दोष भीड बाळगणाऱ्याच्याच पदरी घालते.

हा अर्थलोप निरुपद्रवी नाही. बीड जिल्ह्यातील चकलांबा ज्या गेवराई तालुक्यात आहे, तेथून हंगामात अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. अशा व्यवहारात हिशेब विचारायला कचरणाऱ्या मजुराला भिडस्त म्हणणे खोटे नसले तरी अपुरे आहे. त्याच्या भिडेमागे स्वभावाइतकीच न फिटलेली उचल असते. त्याच्या बायकोने काही विचारले नाही, तर त्या मौनाला ‘मर्यादा’ हे गौरवाचे नाव मिळते.

म्हणून भीड सर्वस्वी त्याज्य ठरते, असे नाही. मराठी ‘निर्भीड’ माणसाला मान देते, तशीच ‘बेमुर्वत’ माणसाला नावे ठेवते. दुसऱ्याचे मन मोडू नये ही जाणीव नसेल तर सहजीवनच अशक्य होईल. कसोटी परस्परतेची आहे. मुकादमालाही मजुराची भीड पडत असेल, तर ती सभ्यता. एकाच बाजूला पडत असेल, तर ती सत्ता.

कथा-कादंबरीतील पात्राला ‘भिडस्त’ ठरवून स्वभावचित्रणाची चर्चा संपवणारी समीक्षा हाच दुसरा मनुष्य गाळते. तिने आधी विचारावयाचा प्रश्न व्याकरणाने सुचवलेलाच आहे: भीड कोणाची?