स्वभाव म्हणायचा की हार्मोन?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



दर गुरुवारी आपण या पत्रात एखादा प्रश्न घेतो. यावेळचा प्रश्न कुठल्या ग्रंथातून काढलेला नाही, आमच्याच चुकीतून तो उभा राहिला. म्हणून आधी चूक सांगतो.

आपल्या सत्संगाला डिंडोलीहून एक ताई यायच्या. मूळच्या नंदुरबारकडच्या. घरी बसून साड्यांना लेस लावायचं काम करतात. वर्षानुवर्षं त्यांचा गुरुवार चुकला नव्हता. मग हळूहळू त्यांना जपात डुलक्या यायला लागल्या. भजन सुरू झालं की मान खाली. शरीर सुटलं, चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला, बोलणं संथ झालं. मे महिन्यात आपल्या हॉलमध्ये चार पंखे फिरत असताना त्या शाल गुंडाळून बसायच्या. आम्ही हसलो. "ताई, सुरतेत हिमालय आणलात का?" असंही कोणी म्हणालं. आणि एका गुरुवारी आमच्यातल्याच एकाने सगळ्यांसमोर म्हटलं, "हा तमोगुण आहे. नामाला झोप येते, प्रसादाला बरोबर जाग येते."

त्यानंतर ताई आल्या नाहीत. आम्ही काय समजलो? श्रद्धा कमी पडली.

बऱ्याच महिन्यांनी कळलं की त्यांच्या मुलीने त्यांना दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, आणि थायरॉइड फारच कमी निघालं. थकवा, झोप, वजन, थंडी वाजणं, कोरडी त्वचा, केस गळणं, बद्धकोष्ठ, उदास वाटणं, विसरभोळेपणा ही त्या आजाराची नेहमीची लक्षणं आहेत. डॉक्टरांना एका चाचणीत दिसलं ते आम्ही वर्षभर डोळ्यांसमोर बघत होतो, आणि त्याला आम्ही गुणदोषाचं नाव दिलं होतं.

गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी ही एक लहानशी ग्रंथी असते. ती मिठातून, अन्नातून येणारं आयोडीन वापरून हार्मोन तयार करते. शरीराची भट्टी किती जोरात चालवायची ते हे हार्मोन ठरवतं. कमी पडलं की भट्टी मंदावते, जास्त झालं की भडकते. मग हात थरथरतात, छाती धडधडते, माणूस चिडचिडा होतो आणि खाऊनही वाळत जातो. (जाता जाता एक सांगतो. उपवासाचं म्हणून आणलेलं सैंधव बऱ्याच घरी आता रोजच्या भाजीत गेलं आहे. त्यात साधारणपणे आयोडीन घातलेलं नसतं. उपवासापुरतं ठीक, पण रोजचं मीठ आयोडीनचंच असू द्या. देशातलं बहुतेक मीठ आपल्या गुजरातेतच तयार होतं, तेव्हा ते मिळत नाही असं कोणी म्हणू नये.)

"हार्मोन" हा शब्द १९०५ साली स्टार्लिंग नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने वापरात आणला. ग्रीक भाषेतल्या ज्या शब्दावरून तो घेतला त्याचा अर्थ हालवणारा, चालना देणारा. आपल्या मराठीत त्याला संप्रेरक म्हणतात, म्हणजे प्रेरणा देणारं. हा शब्द वाचल्यावर आम्हाला गीतेचा तिसरा अध्याय आठवला. अर्जुन तिथे विचारतो की इच्छा नसतानाही, जणू कोणी जबरदस्तीने ढकलल्यासारखा, माणूस पाप कशाच्या प्रेरणेने करतो? भगवंतांनी त्याचं उत्तर काम आणि क्रोध असं दिलं. आजचा मुलगा मात्र मोबाइल दाखवून म्हणतो, "काका, क्रोध म्हणजे ॲड्रिनलिन." मग आपण काय म्हणायचं? राग जर ग्रंथीतून येत असेल तर रागावणाऱ्याचा दोष किती? आणि आळस ग्रंथीतून येत असेल तर साधना कसली करायची?

हा प्रश्न आम्ही चार-पाच जण महिनाभर आपापसांत घोळवत होतो. ते बोलणं जसं झालं तसं मांडतो.

आमच्यातले जे सुरतेत जुने आहेत त्यांना ऑगस्ट २००६ चा पूर आठवतो. उकाईचं पाणी सुटलं, तापी शहरात घुसली आणि लोक गच्चीवर अडकले. आमच्यातल्या एका काकांनी त्या रात्री अंधारात, कमरेएवढ्या पाण्यातून, आपल्या म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन जिना चढला. एरवी त्यांना गव्हाचं पोतं उचलवत नाही. ते म्हणतात, "महाराजांनी उचललं." आम्हालाही तसंच वाटतं. पण महाराजांनी ते कशाच्या हातून केलं तेही पाहू. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. भीती वाटली की त्या क्षणात ॲड्रिनलिन सोडतात. हृदय जोरात चालतं, यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं, रक्त स्नायूंकडे धावतं. त्याच्या मागोमाग कॉर्टिसॉल येतं. ते शक्ती पुरवत राहतं आणि आत्ता ज्याची गरज नाही अशी कामं थोडी मागे ठेवतं. संकट टळलं की दोन्ही ओसरतात. देवाने ही सोय पुरासाठी केली आहे.

पण आपल्या घरांत पूर रोजच असतो. खोलीचं भाडं, शाळेची फी, गावाकडच्या जमिनीचा वाद, शेठकडे अडकलेला पगार. मोठं एकही नाही, आणि एकही ओसरत नाही. मग कॉर्टिसॉल खाली यायचं तेव्हा येत नाही, आणि साखर, रक्तदाब, पोटाचा घेर, झोप या सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो. त्यात उधना-पांडेसऱ्याच्या लूमच्या खात्यांत बारा-बारा तासांची पाळी. एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र. शरीरातलं कॉर्टिसॉल पहाटे चढतं आणि मध्यरात्री सर्वांत कमी असतं, अंधार पडला की झोपेचं मेलॅटोनिन वाढतं. हे घड्याळ सूर्य बघून चालतं, खात्याचा भोंगा ऐकून नाही. रात्रपाळीहून आलेला माणूस सकाळी नऊला पत्र्याच्या खोलीत झोपायला बघतो, पोरं खेळत असतात, कुकरची शिट्टी होते, आणि तो ओरडतो. त्याला आपण "तापट स्वभावाचा" म्हणतो. वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्यांना मधुमेहाचा धोका जास्त असतो हेही आता पक्कं झालं आहे. त्या माणसाला "मन शांत ठेवा" एवढंच सांगून सत्संगातून घरी पाठवणं म्हणजे तापाने फणफणलेल्याला थंड राहा म्हणण्यासारखं आहे.

इथपर्यंत आमचं सगळ्यांचं एकमत होतं. मग एक काकू म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. पण माझ्या यजमानांचं ॲड्रिनलिन शेठसमोर कुठे जातं?"

आम्ही गप्प बसलो. कारण खरं आहे. शेठ अपमान करतो, ताकेत डाग निघाला म्हणून पैसे कापतो, तेव्हाही छाती तशीच धडधडते, कानशिलं तशीच तापतात. तिथे माणूस मान खाली घालून "जी शेठ" म्हणतो. तेच रसायन घरी येऊन बायकोवर, पोरावर निघतं. ग्रंथीला शेठ कोण आणि बायको कोण हे कळत नाही. कळतं ते आपल्याला. म्हणजे छातीत जे उसळलं ते आपलं नाही, पण ते कोणावर पडलं ही निवड कुठेतरी झालेली असते. "मला शुगर आहे म्हणून मी चिडतो" हे काही वेळा खरं असेलही, साखर खाली गेली की माणूस चिडतोच. पण ते कारण फक्त दुबळ्यासमोर निघत असेल तर तो आजार नव्हे. आमच्यातल्या दोघांना हे स्वतःबद्दल कबूल करावं लागलं. नावं सांगत नाही. त्यांच्या घरच्यांना माहीत आहेत.

मुलांच्या बाबतीत मात्र आम्ही जरा मऊ झालो. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा रात्री बारापर्यंत जागा आणि सकाळी उठता उठत नाही, यावरून किती घरांत रोज भांडण होतं! त्या वयात झोपेचं हार्मोनच तास-दोन तास उशिरा यायला लागतं. आणि उंची वाढवणारं हार्मोन मुख्यतः रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत सुटतं. मोबाइलचा उजेड झोप आणखी पुढे ढकलतो, ते काढून घेणं आपलं काम. पण त्याला काकड आरतीला ओढत आणून "संस्कार नाहीत" म्हणणं थांबवावं असं आम्हाला वाटतं. (यावर दोन आजोबांचं मत वेगळं आहे. त्यांना पुढच्या पत्रात जागा देऊ.)

आता मधुमेहाचं. आपल्याकडे लगेच म्हणतात, जिभेवर ताबा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचं उंचीच्या मानाने वजन अगदी सारखं, निर्देशांक २२.३. पण इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, आणि आपल्या डॉक्टरांच्या २१.२ टक्के. दिसायला दोघंही सडपातळ. डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साधारण साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. स्नायू कमी, चरबी जास्त, म्हणजे इन्सुलिनला पुढे जास्त झगडावं लागणार. याची सुरुवात आईच्या पोटात होते असं त्यांचं म्हणणं आहे.

हे वाचल्यावर आम्हाला आपली गावाकडची घरं दिसली. सून दिवसभर शेतात, सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी, पोटुशी असली तरी. पन्नास वर्षांनी तिच्या मुलाला सुरतेत साखर निघते आणि आपण म्हणतो, याने जिलबी खाल्ली. जिलबी खाल्लीच असेल. पण त्या पंगतीत सर्वांत शेवटी कोणाला बसवलं होतं याचा हिशेब कोणत्या वहीत आहे? आज आपल्या परिवारात ज्या घरी सून गरोदर आहे, तिथे तिचं ताट पहिलं वाढा. एवढं जमलं तरी या पत्राचं काम झालं.

आणखी एक गोष्ट कडक शब्दांत लिहितो, राग आला तरी चालेल. पारायणाच्या सप्ताहात काही जणांनी गोळ्या बंद केल्या, इन्सुलिनही घेतलं नाही, "गुरुकृपेवर सोडलं" म्हणून. असं करू नका. १९२२ साली कॅनडातल्या टोरोंटो शहरात १४ वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी लहानपणीच मधुमेह झालेली मुलं वाचत नसत, आणि त्यांच्या आईबापांच्या प्रार्थनेत काही कमी नव्हतं. उपवास करायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मग संकल्प सोडा. महाराजांनी आजवर कोणालाही औषध बंद करायला सांगितलेलं नाही. आणि ज्यांना बरेच दिवस विनाकारण थकवा आहे, वजन वाढतंय किंवा उतरतंय, पाळी बिघडली आहे, त्यांनी सिव्हिलला किंवा स्मीमेरला जाऊन रक्त तपासून घ्यावं.

मागच्या रविवारी आम्ही तिघं डिंडोलीला त्या ताईंकडे गेलो. ज्याने ते वाक्य बोललं होतं तोही बरोबर होता. काय बोलायचं ते रस्ताभर ठरवलं, पण दारात गेल्यावर काही सुचेना. त्याने नुसते हात जोडले. ताईंनी चहा टाकला. म्हणाल्या, "तुम्ही बोललात ते मला खरंच वाटलं होतं. मी घरी येऊन पहाटे तीनला उठून जप करायला बसायचे, आणि तिथेही झोपायचे. मग रडायचे. वाटायचं, आपलाच भाव खोटा."

गोळी सुरू होऊन चार महिने झाले आहेत. सूज उतरली आहे, आवाज पूर्वीसारखा झाला आहे. निघताना त्यांनी एक शंका विचारली. ही गोळी पहाटे उपाशीपोटी घ्यायची असते आणि नंतर निदान अर्धा तास पाण्याशिवाय काही घ्यायचं नसतं. काकड आरतीचं पंचामृत तर लगेच हातावर येतं, त्यात दूध असतं. नाही म्हटलं तर प्रसादाचा अपमान, घेतलं तर गोळी वाया. आम्हालाही उत्तर माहीत नव्हतं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दुधाने गोळीचा असर कमी होतो, तासभर जाऊ द्या.

आता येत्या गुरुवारपासून गाभाऱ्याच्या डाव्या कोनाड्यात एक वाटी झाकून ठेवलेली असेल. सेवेकऱ्यांनी ती उचलू नये. सात वाजता ताई घेतील.

जय गुरुदेव.