तिसरा वाटेकरी

कलानिर्मितीतील कल्पनाशक्तीचा विचार करताना आपली दृष्टी बहुधा नाटककाराकडे किंवा नटाकडे जाते. आम्हांस वाटते, रंगभूमीवर या शक्तीचे वाटेकरी तीन असतात, आणि तिसरा, म्हणजे प्रेक्षक, नेहमी विस्मरणात जातो.

कालिदासाच्या ‘शाकुंतला’त दुष्यंत रथात बसून हरिणाचा पाठलाग करीत प्रवेश करतो. नाट्यशास्त्रातील नाट्यधर्मी परंपरेत त्यासाठी खरा रथ लागत नाही. नट अंगाभिनयाने वेग सुचवितो. घोडे दौडतात ते प्रेक्षकाच्या मनात.

मग नेपथ्याचे वैभव हे कल्पनेचे वैरी मानावे काय? तसेही नाही. गंधर्व नाटक मंडळीच्या रंगमंचावर थाटमाटास तोटा नव्हता. तरीही ‘एकच प्याला’तील सिंधूच्या रूपात पुरुष उभा आहे हे ठाऊक असलेला प्रेक्षक तिच्या दुःखाने व्याकूळ होई. शालू मंडळीचा होता. सिंधू मात्र नट आणि प्रेक्षक यांनी मिळून घडविलेली होती.

या सहभागास नैतिक बाजूही आहे. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. त्यात माणसांची रांग हाच पडदा, हीच भिंत. लाकडी भिंतीवर अपराधाचा आरोप करता येत नाही; माणसांच्या भिंतीवर येतो. अन्याय झाकणारेही त्यात सामील असतात, हे तेथे कोणी शब्दांत सांगावे लागत नाही. माणसांना भिंत मानण्याचे काम प्रेक्षकाने केलेले असते, म्हणून तो अर्थही त्यालाच टोचतो.

कल्पना फसवूही शकते, हा आक्षेप आम्ही नाकारीत नाही. द्वेषासही कल्पनेचेच इंधन लागते. परंतु द्वेष माणसाचे एकच रूप रंगवून थांबतो. नाटक खलपात्राच्याही मनात उतरावयास लावते. दुसऱ्याच्या जागी उभे राहण्याचा हा सराव अन्यत्र सहजी मिळत नाही.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हौशी प्रयोगासाठी माणसे आणि पैसा जमविताना दमछाक होते. अशा वेळी नेपथ्य तोकडे पडले म्हणून नाटकच सोडून द्यावे, हे आम्हांस पटत नाही. नव्या पिढीला सर्व काही तयार दाखविण्यापेक्षा तिच्या वाट्याचे काम तिच्याकडे सोपवावे. मराठी तिला कदाचित अडखळत येत असेल. पण जे नाटक तिने स्वतः अर्धे उभे केले, ते तिला परके वाटणार नाही.