पन्नास पैशांचं ऋण

आमच्या गावच्या दूध संस्थेत दर दहा दिवसांनी बिलं निघतात. सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ, त्यावरून लागलेला दर, दहा दिवसांची बेरीज आणि शेवटी ती रक्कम पूर्ण रुपयात. मी संस्थेची सचिव. बरीच वर्षं हे सगळं वहीवर केलं, मग एका जुन्या पुस्तकावरून पायथॉन ही संगणकाची भाषा शिकले आणि हिशोब त्यात बसवला. पहिल्या दोन बिलांना कुणाची तक्रार आली नाही. तिसऱ्या बिलाला दोघी जावा पावत्या शेजारी-शेजारी धरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

थोरलीची बेरीज ३१४२ रुपये ५० पैसे, हातात आले ३१४२. धाकटीची बेरीज २८१७ रुपये ५० पैसे, हातात आले २८१८. दोघींचं दूध एकाच गोठ्यातलं, गाई वेगळ्या. थोरली म्हणाली, "ताई, माझ्या पावतीतला अर्धा रुपया हिच्या पावतीत कसा गं गेला?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच कळत नव्हतं तिला, आणि मलाही कळत नव्हतं. पन्नास पैशांना आज काही येत नाही हे दोघींनाही ठाऊक होतं. पण दूध घालणारी बाई पहाटे उठून धार काढते, कॅन डोक्यावर घेऊन येते आणि काट्यावरचा आकडा डोळ्यांनी पाहून मगच मागे फिरते. तिचा विश्वास त्या आकड्यावर असतो. तो एकदा हलला की पुन्हा बसत नाही. मी थोरलीला माझ्या पर्समधले पन्नास पैसे देऊन विषय मिटवू शकले असते. तसं केलं नाही, कारण चूक कुठे आहे हेच मला माहीत नव्हतं.

त्या रात्री इंटरनेटवर पायथॉनवाल्यांच्या मंचावर विचारलं. माझं इंग्रजी बेताचं. मी फक्त दोन आकडे लिहिले, त्यांची दोन उत्तरं लिहिली आणि खाली एक ओळ टाकली : एकाला कमी आणि एकाला जास्त का? वीसएक मिनिटांत उत्तर आलं. देणाऱ्याचं नाव म्हणजे दोन अक्षरं आणि एक आकडा. बाई की बुवा, कुठल्या देशाचा, काही कळायला मार्ग नाही. उत्तर असं की तुमचं पुस्तक पायथॉन २ चं असणार. त्या पायथॉनमध्ये राउंड हे फंक्शन अर्ध्याला वर ढकलायचं. २००८ साली आलेल्या पायथॉन ३ पासून ते बरोबर मधोमध आलेल्या अर्ध्याला जवळच्या सम आकड्याकडे नेतं. ३१४२ सम, म्हणून तिथेच थांबलं. २८१७ विषम, म्हणून २८१८ कडे गेलं. ही चूक नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. प्रत्येक अर्धा वर ढकलला तर हजारो बेरजांमध्ये रक्कम एकाच बाजूला फुगत जाते; समाकडे नेला तर वर-खाली होऊन साधारण बरोबरी होते.

पुढे आणखी एक वाक्य होतं, आणि मला ते आजही महत्त्वाचं वाटतं. तुमच्या संस्थेत अर्धा नेहमी वर न्यायचा रिवाज असेल तर डेसिमल वापरा, त्याला राउंड हाफ अप सांगा, आणि आकडा अवतरणचिन्हांत लिहायला विसरू नका. अवतरणचिन्हांत का, तेही थोडक्यात सांगितलं होतं. संगणकाच्या दोनाच्या गणितात अर्धा नेमका बसतो, पण दशांश बसत नाही. अवतरणाशिवाय लिहिलेला आकडा आधी त्या गणितातून जातो आणि शेपटाकडे किंचित वाकडा होऊन डेसिमलच्या हाती येतो. अवतरणात लिहिलं की अक्षरं जशीच्या तशी पोचतात.

मी डेसिमलला राउंड हाफ अप सांगितलं आणि आकड्याच्या दोन बाजूंना ती दोन चिन्हं दिली. ३१४३ आले. सकाळी थोरलीला रुपया दिला आणि कारणही सांगितलं. सम-विषमाचं गणित तिला पटकन समजलं. मला ते समजायला रात्र लागली होती.

त्या उत्तराचं मी काय देणं लागते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे आहे. आभार मानले, त्यावर काही उत्तर आलं नाही. तो माणूस मला पुन्हा कधी भेटणार नाही, आणि ओळखता न येणाऱ्या माणसाचं ऋण फेडता येत नाही. माझे वडील संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर जुन्या ग्रंथांची मराठी भाषांतरं वाचत बसायचे, त्यांच्यामुळे हे थोडंफार कानावर पडलेलं आहे. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणं घेऊन जन्मतो असं सांगितलंय : देवांचं, ऋषींचं आणि पितरांचं. देवांचं यज्ञाने फिटतं, पितरांचं संततीने आणि ऋषींचं ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने. म्हणजे ज्याच्याकडून घेतलं त्याला परत द्यायचंच नसतं. शिकायचं, पुढच्याला शिकवायचं, की फिटलं. मी मनाशी म्हटलं, हे ऋषिऋण आहे. मग मीही पायथॉनवाल्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला लागले. मला येतं ते फार थोडं, पण नुकतं शिकायला लागलेल्याला त्याहून थोडं लागतं.

ऋषी म्हणायला खरंच कोणी आहे का, म्हणून डेसिमल कुठून आलं तेही शोधलं. फाकुंदो बातिस्ता नावाच्या अर्जेंटिनातल्या प्रोग्रामरने २००३ मध्ये त्याचा प्रस्ताव लिहिला, आणि २००४ च्या अखेरीस आलेल्या पायथॉन २.४ मध्ये ते आलं. त्यामागचे गणिताचे नियम आयबीएमच्या माइक काउलिशॉ यांनी मांडलेले होते. फलटण तालुक्यातल्या एका बाईच्या पन्नास पैशांसाठी इतक्या लांबच्या माणसांनी आधीच विचार करून ठेवला होता, हे वाचून मला भरून आलं. यांना ऋषी म्हणायला माझी हरकत नाही.

पण त्या दोन अक्षरांच्या नावाच्या माणसाला? त्याने काही नवं शोधलं नव्हतं. होतं ते माझ्या ताटात वाढलं, इतकंच. हा फरक माझ्या लक्षात यायला मात्र माझ्याच हातून एक चूक व्हावी लागली.

एका रात्री एका मुलाने प्रश्न टाकला. प्रश्न म्हणजे मोबाइलवर काढलेला लॅपटॉपच्या पडद्याचा फोटो. कोड नाही, काय करून पाहिलं ते नाही. फोटोत तिरकी लाल अक्षरं : मोड्यूल सापडत नाही. खाली लिहिलेलं, "प्लीज हेल्प." असे प्रश्न रोज येतात, आणि त्यांना द्यायचं उत्तरही सगळ्यांना पाठ असतं. आधी स्वतः शोध, काय केलंस ते लिही, फोटो नको, अक्षरं टाक. सकाळी चहा पिताना मी तेच लिहिलं. भाषा सौम्य होती, अर्थ सौम्य नव्हता. पाठवून झाल्यावर फोटो मोठा करून पाहिला. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात घड्याळ होतं : रात्रीचे १ वाजून ५२ मिनिटं. कीबोर्डवर पालथं ठेवलेलं एक वहीचं पान, आणि त्याच्या कडेला अंगठ्याचं नख.

तो फोटो पाहून मला आई आठवली. माझं माहेर लोणंदहून तरडगावला जाणाऱ्या वाटेवर. चांदोबाच्या लिंबापाशी माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं, ते तिथून जवळच. ज्येष्ठ सरत आला की आई तीन दिवस आधीपासून ज्वारी दळून ठेवायची. दिंड्या यायला लागल्या की अंगणात पिठलं-भाकरी आणि मिरचीचा ठेचा. येणारा पाय धुवायचा, बसायचा, जेवायचा, उठायचा. आईने एकालाही गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, किती वर्षांची वारी तेही विचारलं नाही. म्हणायची एवढंच, "माउली, अजून एक घ्या." वाढताना ती एक मात्र पाहायची, ताटातली भाकरी गरम आहे की नाही. एकदा मी सकाळची भाकरी वाढायला निघाले तेव्हा तिने माझ्या हातून टोपली काढून घेतली होती.

विद्येचा रिवाज मात्र निराळा. विद्या देताना अधिकार पाहतात. यमाने नचिकेताला आधी लोभ दाखवले, तो ढळला नाही तेव्हा मग सांगितलं. छांदोग्य उपनिषदात सत्यकाम हारिद्रुमत गौतमाकडे गेला, तेव्हा पहिला प्रश्न गोत्राचा. सत्यकाम म्हणाला, मला माहीत नाही, आईलाही माहीत नाही. गौतमाने त्याला याच उत्तरावर शिष्य केलं आणि चारशे रोड गाई हाती देऊन रानात पाठवलं. त्यांच्या हजार झाल्यावर तो परत आला, आणि वाटेतच त्याला बैलाने, अग्नीने, हंसाने आणि मद्गु पक्ष्याने शिकवलं होतं. मी दूधवाली, म्हणून या गोष्टीतल्या गाई मला नेहमी दिसतात. पण त्या सकाळी मला दिसलं ते सत्यकामाचं उत्तर. अधिकार म्हणजे काय, तर माहीत नाही हे खरं सांगणं. त्या मुलाने रात्री १ वाजून ५२ मिनिटांनी आणखी काय सांगितलं होतं?

तेव्हापासून मी असं मानते की रोजचे बारीकसारीक प्रश्न हे विद्येचे नसतातच. फाइल उघडत नाही, मोड्यूल सापडत नाही, राउंड उलटं चालतं. ही भूक आहे, आणि अन्नाला अधिकार लागत नाही. शतपथ ब्राह्मणात त्या तीन ऋणांना चौथं जोडलंय : माणसांचं. ते फिटतं माणसाला आसरा आणि अन्न दिल्याने. दोन अक्षरांच्या नावाच्या त्या माणसाचं माझ्यावर आहे ते हेच. बातिस्ता आणि काउलिशॉ यांचं ऋषिऋण, याचं मनुष्यऋण. हे दोन्ही एक समजून मी गुरूच्या आसनावर बसून वाढायला गेले होते.

आमच्यातला एक अनुभवी प्रोग्रामर यावर मला म्हणाला, "ताई, असं आयतं देत गेलात तर पोरं कधी शिकायची?" त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. आयत्यावर बसणारी मुलं मीही पाहिलीत. पण माझ्या आईने भाकरी वाढली म्हणून कुणाची वारी तिने चालून दिली नाही. जेवून उठला की पुढचा मुक्काम त्याचा त्यालाच गाठायचा असे. मला उत्तर देणाऱ्यानेही माझा हिशोबाचा प्रोग्राम लिहून दिला नव्हता. दोन चिन्हं सांगितली, तिसऱ्या मुक्कामाचं ओझं माझ्या पाठीवर टाकलं नाही. वाढण्याचं प्रमाण हेच असावं : पुढचं पाऊल पडेल इतकं, आणि गरम. गरम म्हणजे आपण स्वतः चालवून पाहिलेलं. न तपासता ठोकून दिलेलं उत्तर ही सकाळचीच भाकरी.

विद्या दिल्याने कमी होत नाही असं आपल्याकडे म्हणतात, आणि ते खरंच आहे. राउंड कसं चालतं ते मी शंभर जणांना सांगितलं तरी माझ्यापाशी तेवढंच राहतं. मग मी दिलं काय? दिली ती वीस मिनिटं. ती परत येत नाहीत. आईचं पीठ जसं संपायचं तशी ती संपतात. हल्ली पुष्कळ जण प्रश्न यंत्राला विचारतात, आणि उत्तर बरोबर येतं तेव्हा मला त्याचं वाईट वाटत नाही. भुकेल्याचं पोट भरलं. ते यंत्र आपण माणसांनीच एकमेकांना लिहिलेल्या उत्तरांवर शिकलेलं आहे, तेव्हा पीठ आपल्याच घरचं. फक्त तिथे कुणाची वीस मिनिटं गेलेली नसतात, आणि ज्याची मिनिटं गेली नाहीत त्याचं ऋण कसं मोजायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

त्या मुलाला मी पुन्हा लिहिलं. आधीचं उत्तर तसंच ठेवलं, पुसलं नाही. त्याने वाचलं असेल तर मी फिरले हेही त्याला दिसावं. लिहिलं ते असं : तुझ्या मशीनवर दोन पायथॉन असतील, पिपने एकात टाकलंय आणि तू दुसरा चालवतोयस. नुसतं पिप इन्स्टॉल न लिहिता आधी पायथॉन डॅश एम लिही, म्हणजे जो पायथॉन तू चालवतोस त्यातच पडेल. पाठवण्याआधी माझ्या संगणकावर तसेच दोन पायथॉन मांडून पाहिलं. तीच लाल अक्षरं आली, आणि त्या एका ओळीने गेली.

त्याचा निरोप आला नाही. चालून गेला असेल, किंवा त्या रात्रीच त्याने नाद सोडला असेल.

आत्ता समोर दुसरा प्रश्न आहे. कुठल्याशा बचत गटाचं काम करणाऱ्या बाईंनी विचारलंय. यादी पायथॉनमधून काढली तर ठीक दिसते, एक्सेलमध्ये उघडली की सभासदांच्या नावांच्या जागी भलतीच चिन्हं. त्यांनीही फोटोच पाठवलाय. नीट पाहिलं तर चौथ्या ओळीत ज्या कुणाचं नाव होतं तिच्या नावाची लांबलचक चिन्हांची माळ झालीय, देवनागरीचं एकेक अक्षर तीन-तीन बाइटांचं म्हणून. फाइल लिहिताना एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग द्यायला हवं, म्हणजे एक्सेलला सुरुवातीलाच खूण मिळते. मला येतं हे. तरी आधी चार नावांची एक फाइल करून उघडून बघते, मग लिहिते त्यांना.