झिजवण्याचा हक्क

टर्नटेबल अपग्रेड करायचं म्हटलं की मित्र आधी विचारतात, "आवाज किती सुधारेल?" मला वेगळाच प्रश्न पडतो : माझ्या ऐकण्यानं रेकॉर्ड किती झिजेल?

माझ्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांची ७८ आरपीएमची तबकडी आहे. खाँसाहेब १९३७ साली गेले. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. एलपीची बारीक सुई तिच्या रुंद खाचेत तळाशी घासते. म्हणून तिप्पट-चौपट जाड टोकाची सुई घेतली, सुईचा दाब छोट्या काट्यावर मोजून लावला. झीज कमी झाली, थांबली नाही.

मग वाजवावीच का? डिजिटल प्रत काढून तबकडी कपाटात ठेवता येईल. पण कधीच न वाजणारी तबकडी म्हणजे नुसती लाखेची थाळी. उलट, "पैसे मोजलेत, हवी तशी झिजवेन" हेही पटत नाही. आधी कुणीतरी जपली, म्हणून ती माझ्यापर्यंत पोचली. मालकीनं वापरण्याचा हक्क मिळतो, संपवण्याचा नाही.

प्रत मी काढून ठेवली आहे. तबकडी क्वचित लावतो, आणि लावली की फोन बाजूला ठेवतो. फोनवरचं गाणं झिजत नाही, त्यामुळे ते अर्धवट ऐकलेलं खपून जातं. इथे मात्र पुढच्या कुणाच्या तरी वाट्याचं थोडं मी खर्च करत असतो. निदान ते नीट ऐकावं.